चाकांवरचं जुनं घर घेताना

राहता फ्लॅट भाड्यानं द्यावा, राहण्याजोगी केलेली एखादी जुनी पण नीट सांभाळलेली गाडी विकत घ्यावी आणि बारा महिने तिच्यातच राहावं, हा विचार आता मराठी घरांत गंभीरपणे होऊ लागला आहे. निवृत्तीला आलेली जोडपी तो करतात आणि लॅपटॉपवर पोट असलेली तरुण मंडळीही करतात. नवी मोटर कॅराव्हॅन बांधून घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं असतं, म्हणून शोध जुन्या गाडीचा सुरू होतो. याविषयी जी माहिती सहज हाताशी येते, ती बहुतांशी अमेरिका-युरोपातली असते. तिथे गाडी उभी करायला खास तळ असतात, तिथेच वीज-पाणी जोडून मिळतं आणि मैलाही रिकामा करता येतो. आपले रस्ते, आपला पाऊस आणि आपलं आरटीओ वेगळं आहे. म्हणून महाराष्ट्रात हा प्रश्न आज कुठे उभा आहे, याचा हा आढावा.

मोजमापासाठी एकच गाव डोळ्यांसमोर ठेवतो: आंबेगाव तालुक्यातलं आहुपे. घोडेगावहून निघालेला रस्ता डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं, वळणं घेत, सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जातो आणि आहुप्यात संपतो. पुढे कोकणात उतरते ती पायवाट, खोपिवलीकडे जाणारा आहुपे घाट. घोड नदीचा उगम याच डोंगरांत, भैरवनाथाची देवराई इथली आणि आजूबाजूला भीमाशंकर अभयारण्याचं रान. गाडीत राहण्याचं स्वप्न पाहणाऱ्याला जावंसं वाटतं ते नेमकं अशा गावी. जी गाडी तुम्हाला आहुप्याला नेईल, आषाढातला एक आठवडा कोरडं ठेवील आणि सुखरूप पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मंचरला परत आणील, ती घेण्याजोगी. हीच कसोटी.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्याकडे गाडीत कायम राहण्याचा निकाल पावसाळ्याचे चार महिने लावतात. जुनी गाडी पाहायची ती पावसानं तिचं आजवर काय केलं आहे, हे शोधत. आणि पैसे द्यायचे ते पुढच्या पावसाळ्यात ती कुठे उभी राहणार, हे ठरल्यावर. पलंग, ओटा आणि पडदे सगळ्यांत शेवटी.

फिरत्या संसाराचा आपला अनुभव

चाकांवर संसार हे आपल्याकडे नवं नाही. पुणे-नाशिक रस्त्याला लागून, शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. तमाशाचे मोठे फड आपल्या राहुट्या इथेच लावतात आणि गावोगावचे जत्रा कमिट्यांचे लोक येऊन सुपाऱ्या देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचं हे गाव. मोठा फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत फिरत राहतो. रात्री खेळ, पहाटे सामान ट्रकमध्ये, कलावंत बसमध्ये, पुढच्या गावी उतरून चूल पेटवायची, असा महिनोन्‌महिन्यांचा क्रम असतो. आळंदीहून पंढरपूरला निघणाऱ्या दिंड्यांचंही तसंच आहे. दिंडीच्या ट्रकमध्ये शिधा, भांडी, तंबू आणि अंथरुणं. पाण्याचा टँकर वेगळा. ट्रक पुढे जाऊन मुक्कामाची जागा धरतो.

या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली, गाडी सामान आणि निजायची सोय वाहते, पण जगणं बरंचसं गाडीबाहेर होतं: स्वयंपाक, धुणं, बसणं-बोलणं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. यातलं कोणीही सह्याद्रीचा पावसाळा गाडीत काढत नाही. तमाशाचे फड पावसाळ्यात थांबतात. मेंढरं घेऊन फिरणारे धनगर दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाआधी देशावरच्या कोरड्या मुलखात परततात. साधू-मुनीही चातुर्मासात एका जागी राहतात. पिढ्यान्‌पिढ्या फिरलेल्या माणसांनी जी गोष्ट टाळली, ती आपण एका जुन्या मिनीबसच्या भरवशावर करायला निघालो असू, तर तयारी तितकीच पक्की हवी.

बाजारात काय मिळतं

जुन्या तयार मोटर कॅराव्हॅनचा बाजार आपल्याकडे अगदी लहान आहे. शोधायला लागलं की साधारण चार प्रकार समोर येतात.

पहिला प्रकार टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या घराचा. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीनं (आताची फोर्स मोटर्स) १९८७ मध्ये ही गाडी आणली. शाळेच्या गाड्या, सहलीच्या गाड्या, रुग्णवाहिका या सगळ्यांत ती असल्यानं तालुक्याच्या गावीही तिचा मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात. आत उभं राहता येतं, मागची चाकं ओढतात, वळणाच्या रस्त्यावर ती मोठ्या बसपेक्षा आटोपशीर आहे. आहुप्याच्या कसोटीला सर्वांत जवळ जाणारा प्रकार हाच. टाटा विंगर ही २००७ पासूनची दुसरी निवड. ती जमिनीला जास्त जवळ असल्यानं चढायला-उतरायला सोपी, पण कच्च्या वाटेवर पोट घासण्याची भीती अधिक.

दुसरा प्रकार ट्रकच्या चासीवरच्या मोठ्या घराचा. टाटा ४०७ सारख्या गाडीवर मागे खोली बांधलेली असते. जागा ऐसपैस मिळते, पण उंची आणि रुंदी वाढते. गावातल्या गल्लीत खाली आलेल्या विजेच्या तारा आणि रस्त्यावर झुकलेल्या फांद्या ही इथली रोजची अडचण.

तिसरा प्रकार चित्रपटसृष्टीतल्या जुन्या व्हॅनिटी व्हॅनचा. आतून त्या देखण्या दिसतात आणि म्हणून चटकन भुरळ घालतात. पण त्या बांधलेल्या असतात मेकअप, कपडे बदलणं आणि एसीसाठी, तेही जनरेटर कायम सोबत आहे असं धरून. चित्रनगरीतल्या सपाट रस्त्यांवर त्यांचं आयुष्य गेलेलं असतं. वजन फार, पाण्याची टाकी बेताची, हवा खेळती नाही. कायमच्या राहण्यासाठी त्यांत इतका बदल करावा लागतो की स्वस्तात मिळाल्याचा फायदा संपतो.

चौथा प्रकार पिकअप किंवा एसयूव्हीवर केलेल्या छोट्या सोयीचा: गाडीच्या मागे निजायची जागा, बाहेर उघडणारा ओटा. आयआयटी मद्रासच्या छत्रछायेत वाढलेल्या एका कंपनीशी महिंद्रानं २०२२ मध्ये बोलेरो पिकअपवर कॅम्पर करण्याचा करार केला, तेव्हापासून या आकाराबद्दल लोकांची उत्सुकता वाढली. भटकंतीला उत्तम, दोघांनी बारा महिने राहायला अपुरा.

एसटीच्या जुन्या बसचं घर करावं, असंही अनेकांना सुचतं. पण महामंडळ ज्या बस लिलावात काढतं त्या भंगार म्हणून. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून सरकारी व सार्वजनिक उपक्रमांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी चालू राहत नाही. अशी बस शेतात एका जागी उभी करून खोली होईल, रस्त्यावर धावणारं घर होणार नाही.

कागद

गाडीचं दार उघडण्याआधी आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, हातात घ्यावी. वाहनाचा वर्ग काय लिहिला आहे, हे पहिलं. परिवहन खात्याच्या नोंदीत कॅम्पर व्हॅन आणि मोटर कॅराव्हॅन असे वर्ग आहेत. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेनं खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगरपरिवहन, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या वाहनांत धरली आहे. मोटर कॅराव्हॅन कशी बांधावी आणि तपासावी, यासाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. म्हणजे कायद्याला हा प्रकार अनोळखी नाही. अडचण असते ती अर्धवट गाड्यांची. आरसीवर ‘बस’ किंवा ‘ओम्नी बस’, बसण्याची क्षमता तेरा-सतरा, आणि आत मात्र पलंग, ओटा, संडास. मालक सांगतो, कोणी अडवत नाही. अपघात झाला की विमा कंपनी अडवते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे कलम कडकपणे वाचलं. त्यामुळे बदल केलेल्या गाडीच्या फेरबदलाला आरटीओची मान्यता घेतलेली आहे का आणि ती आरसीवर चढली आहे का, हे बघावंच लागतं. ‘नंतर करून देतो’ या शब्दावर विसंबू नये. पिवळ्या पाटीची गाडी खाजगी करून घ्यायची असेल, तर परवाना परत करणं, करातला फरक भरणं आणि वर्ग बदलणं हे विकणाऱ्याकडून आधी पूर्ण करून घ्यावं.

बाकीचे कागद नेहमीचे, पण एकही सोडण्यासारखा नाही. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. गाडी परराज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली की नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि कर पुन्हा भरावा लागतो. हा कर किती येईल, हे सौद्याआधी आरटीओत विचारून घ्यावं, कारण स्वस्त दिसणारी बाहेरची गाडी इथेच महाग होते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरायचा. चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्यानं हा खर्च किमतीत धरावा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, ई-चलनं थकली आहेत का, हेही बघून घ्यावं.

परवान्याबाबत मात्र दिलासा आहे. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी हलक्या वाहनात मोडते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं हलक्या वाहनाच्या परवान्यावर या वजनापर्यंतची परिवहन वाहनंही चालवता येतात, असा निर्णय दिला. ट्रॅव्हलरच्या आकाराचं घर मोटारीच्या परवान्यावर चालवता येतं.

कागदांतला शेवटचा मुद्दा पत्त्याचा. गाडी नोंदवायला पत्ता लागतो, तसाच बँक, मतदार यादी आणि रेशन कार्डालाही. सगळं विकून गाडीत राहायला जाणाऱ्यानं एक कायमचा पत्ता ठेवलाच पाहिजे, मग तो भावाच्या घराचा का असेना. आंबेगाव-जुन्नरचा पत्ता असेल तर काम पिंपरी-चिंचवडच्या एमएच १४ कार्यालयात पडतं.

चासी आणि इंजिन

आतला संसार पुन्हा बांधता येतो. वाकलेली किंवा सडलेली चासी परवडत नाही. म्हणून आपल्या ओळखीचा, त्याच गाडीवर हात बसलेला मिस्त्री बरोबर न्यावा आणि गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्यायला लावावी. चासीच्या लांब पट्ट्यांवर नंतर केलेलं वेल्डिंग, ताजा काळा रंग आणि त्याखालचे गंजाचे फोड बघावेत. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवून पाहावेत. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये तुटकी पाती किंवा वाढवलेली जास्तीची पाती दिसली, तर गाडीवर झेपेल त्यापेक्षा जास्त बांधकाम झालं आहे, असं समजावं.

इंजिन थंड असतानाच गाडी पाहावी. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं. सकाळी पहिल्या चावीला सुरू होते का, धूर काळा, निळा की पांढरा, ऑइलचं झाकण काढल्यावर बॅक कॉम्प्रेशन मारते का, पाण्यात ऑइल दिसतं का, हे मिस्त्री पाच मिनिटांत सांगतो. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. उभ्या गाडीचं इंजिन तासन्‌तास चालवून बॅटरी भरण्याची सवय आधीच्या मालकाला असेल, तर तो फिल्टर तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. एप्रिल २०२० आधीच्या बीएस-४ गाडीची दुरुस्ती गावाकडे सोपी पडते. मात्र दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आलेले आहेत आणि त्यांचे नियम बदलत असतात, हे उत्तरेकडे जाऊ इच्छिणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज या प्रकारात फसवतो. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या घरगाडीचे ब्रेक जाम होतात, रबरी पाइप कडक होतात, डिझेलच्या टाकीत पाणी साठतं, टायरला भेगा पडतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच, असं धरून किंमत बोलावी.

चाचणी सपाट हायवेवर नको. नेहमीचं सगळं सामान आणि भरलेली पाण्याची टाकी घेऊन एखादा घाट चढावा आणि उतरावा. चढावर तापमानाचा काटा, उतरणीवर ब्रेकचा जोर आणि वास, उतारावर थांबवून हँडब्रेक. डिंभ्याच्या पुढे आहुप्याकडे जाताना या तिन्हींची परीक्षा होते, आणि वाटेत बंद पडलेल्या गाडीला घोडेगाव-मंचरच्या गॅरेजपर्यंत ओढून आणणं हे जिकिरीचं, खर्चाचं काम आहे.

बॉडी

जुन्या घरगाडीला मारतं ते पाणी. ते शिरतं टपावरच्या भोकांतून: एसी, पंखा, सोलर पॅनेलचे बोल्ट, दिव्यांच्या वायरी. आत प्लायवूड पिऊन घेतं आणि वरचा सनमायका महिनोन्‌महिने काही दाखवत नाही. म्हणून नाकावर विश्वास ठेवावा. दारं-खिडक्या रात्रभर बंद ठेवून सकाळी आत शिरल्यावर कुबट वास आला, तर पाणी आहे. पलंगाखालचे कोपरे, चाकांवरच्या कमानी, खिडक्यांच्या खालचा भाग आणि छताचे कोपरे बोटानं दाबून, टिचकी मारून बघावेत. पोकळ किंवा मऊ लागलं, की आतली चौकट सडली आहे. बाहेरून पत्र्यावर लोहचुंबक फिरवला तर पुटीनं भरलेले भाग कळतात.

सर्वांत चांगली परीक्षा धुलाई केंद्रावर होते. गाडी तिथे न्यावी, अर्धा तास टपावर आणि सांध्यांवर पाणी मारायला लावावं आणि आपण आत टॉर्च घेऊन बसावं. विकणाऱ्यानं याला नकार दिला तर सौदा तिथेच थांबवावा. शक्य असेल तर जुनी गाडी जुलै-ऑगस्टमध्येच शोधावी. मार्चमध्ये कोरडी ठणठणीत दिसणारी गाडी पावसाळ्यात आपलं खरं रूप दाखवते.

वजन

वजनाची बेरीज फार थोडे लोक करतात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते. अठरा मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा एक ताव तीस किलोच्या आसपास भरतो आणि हौशी सुतार असे दहा-बारा ताव आत घालतो. त्यावर पलंग, फ्रिज, सिलिंडर, कपडे, भांडी आणि माणसं. आरसीवर एकूण मान्य वजन लिहिलेलं असतं. सामानानं भरलेली गाडी वजनकाट्यावर घालावी. साखर कारखान्यांजवळ आणि मोठ्या रस्त्यांवर काटे जागोजागी आहेत. मान्य वजन आणि काट्यावरचं वजन यांत काहीशे किलोंची सवड नसेल, तर ती गाडी कायम राहण्यासाठी नाही. वजन एका बाजूला झुकलेलं असेल, तर घाटातल्या वळणावर ते जाणवतंच.

वीज, पाणी, गॅस, संडास

बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १,२०० वॅट-तास देते. लेड-ॲसिड बॅटरीतून टिकाऊपणानं त्यातलं निम्मंच वापरता येतं, लिथियम आयर्न फॉस्फेटमधून बराच मोठा भाग. दिवे, पंखा, फोन, लॅपटॉप आणि छोटा कॉम्प्रेसर फ्रिज यांना उन्हाळ्यात टपावरचं सोलर पुरतं. कड्यावरच्या पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि सोलर जवळजवळ थांबतं. म्हणून चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारं यंत्र आणि बाहेरून वीज घ्यायची सोय, दोन्ही असलेली गाडी घ्यावी. वायरिंग उघडून दाखवायला लावावं. प्रत्येक फाट्याला फ्यूज नसेल, चिकटपट्टीचे जोड असतील, तर आगीचा धोका उशाशी घेऊन झोपल्यासारखं आहे. ते सगळं काढून नव्यानं करायचा खर्च धरावा.

गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो. सिलिंडरची पेटी आतल्या खोलीपासून बंद आणि तळाशी बाहेर उघडणारी हवी. नळीवरची तारीख पाहावी. जनरेटरबद्दल तर अधिकच सावध राहावं. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघं मृत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचं तपासात दिसून आलं. या वायूला रंग-वास काही नाही. तो ओळखणारं यंत्र स्वस्त आहे आणि जुन्या गाडीत ते नसेल तर पहिल्या दिवशी बसवावं. सिलिंडरच्या पेटीचं सोडून तळाचं प्रत्येक भोक बुजवलेलं आहे ना, हे रॅम्पवरच बघून घ्यावं.

संडासाची सोय कोणती, याचं उत्तर ‘मैला रिकामा कुठे करणार’ यावर अवलंबून आहे. काढून नेता येणारी बंद पेटी आपल्याकडे सर्वांत व्यवहार्य, कारण ती शौचकूप असलेल्या कोणत्याही घरी परवानगीनं रिकामी करता येते. आहुप्याचं पाणी घोड नदीत आणि घोडचं डिंभे धरणात जातं. खालची गावं आणि शेती त्यावर जगतात. ओढ्याकाठी टाकी सोडणाऱ्याला या डोंगरांत फिरायचा हक्क नाही, असं मला ठामपणे वाटतं.

उभं कुठे राहायचं

आता मूळ प्रश्न. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, केंद्राचं असं धोरण २००९ पासून आहे आणि केरळनंही २०२१ मध्ये मोठ्या गाजावाजानं योजना सुरू केली. ही धोरणं मुख्यतः पर्यटकांना दोन-चार दिवस गाडी भाड्यानं देणाऱ्यांसाठी आणि कॅराव्हॅन पार्क बांधणाऱ्यांसाठी आहेत. गाडीतच राहणाऱ्या माणसाचा विचार त्यांत फारसा नाही. त्याला आधार मिळतो तो कृषी पर्यटन केंद्रांचा, ओळखीच्या शेतकऱ्याच्या अंगणाचा, पेट्रोल पंपाचा आणि मंदिराच्या आवाराचा.

आहुप्यात आणखी काही मर्यादा आहेत आणि त्या योग्यच आहेत. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेचा हा पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. गावं महादेव कोळी समाजाची. भाताची खाचरं, नाचणी आणि हिरडा यांवर जगणारी. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ नुसार आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय विकत तर सोडाच, भाडेपट्ट्यानंही घेता येत नाही. गाडीसाठी एक गुंठा घेऊन ठेवू, हा बेत इथे चालत नाही. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्यानं (१९९६) ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. तेव्हा रस्ता एकच: गावात कोणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून जावं, जेवण-पाण्याचे आणि जागेचे पैसे त्या घराला द्यावेत आणि गाव सांगेल तिथेच गाडी लावावी. आवाज, कचरा आणि देवराईतली लाकडं या तीन बाबतींत गावाचा शब्द अखेरचा मानावा.

पावसाळ्यात उभं राहण्याच्या जागेचा धडा याच खोऱ्यानं फार मोठी किंमत देऊन दिला आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते रोजच्या एसटीच्या चालकाच्या. दोन दिवस मुसळधार पाऊस लागलेला असताना उताराच्या पायथ्याशी, नव्यानं कापलेल्या कड्याखाली किंवा ओढ्याच्या तोंडाशी गाडी लावू नये. गाडीला चाकं आहेत, हा पक्क्या घरापेक्षा तिचा मोठा फायदा. पण तो वेळेवर निघालात तरच. दरड येऊन रस्ता बंद झाला, तर आहुप्यासारख्या जागी गाडीला दुसरी वाट नाही.

म्हणून कायम राहणाऱ्यानं वर्षाचा नकाशा आधी आखावा. जून ते सप्टेंबर शिरूर, दौंड, बारामतीकडच्या कमी पावसाच्या मुलखात किंवा दख्खनच्या पठारावरच्या अशाच कोरड्या भागात; ऑक्टोबरपासून सह्याद्री आणि कोकण. पावसाळी मुक्कामाची एक पक्की, वीज-पाणी असलेली, शक्य तर पत्र्याच्या शेडखालची जागा वर्षाच्या करारानं धरावी आणि तिचं भाडं गाडीच्या किमतीबरोबरच हिशेबात घ्यावं. शेडखाली उभी राहणारी गाडी दुप्पट टिकेल असं मी म्हणत नाही, पण तिचा टप आणि प्लाय वाचतात, हे नक्की.

कोणी घ्यावं

हे जगणं कोणाला मानवेल? ज्याला रोज थोडं मिस्त्रीकाम करायची तयारी आहे, ज्याच्या औषधपाण्याची गरज दर आठवड्याला मोठ्या इस्पितळात नेणारी नाही, ज्याच्याकडे परतायला एक पत्ता आहे आणि गाडीच्या किमतीचा निदान चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा ठेवलेला आहे, त्यानं जरूर विचार करावा. ज्याला कर्ज काढून घ्यावी लागेल आणि राहतं घर विकावं लागेल, त्यानं थांबावं. जुन्या गाडीची किंमत दर वर्षी उतरते, पण विकलेलं घर त्याच भावात पुन्हा मिळत नाही.

घेण्याआधी तशीच गाडी पावसाळ्यात निदान दोन आठवडे भाड्यानं घेऊन राहून पाहावं. दोघांचं ओलं अंथरूण, बंद खिडक्या आणि एकाच खोलीतला एकांत हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. मग गाडी निवडताना क्रम पाळावा: पावसाळ्याची जागा, कागद, चासी, टप आणि बॉडी, वजन, वायरिंग-गॅस, आणि सरतेशेवटी आतली सजावट. पहिल्या तीनपैकी एकही गोष्ट नापास झाली तर बाकीच्या पाहूच नयेत, भाव कितीही उतरला तरी.

शासनाकडून एक अपेक्षा आहे आणि ती फार खर्चाची नाही. मोठमोठ्या कॅराव्हॅन पार्कांची वाट न पाहता घोडेगाव, जुन्नर, राजगुरुनगर अशा तालुक्याच्या गावी चार-सहा गाड्या रात्री उभ्या राहतील एवढी जागा, मीटरनं वीज, पाण्याचा नळ आणि मैला रिकामा करायची सोय करावी. वरच्या आदिवासी गावांत असा तळ हवा की नको, हे त्या त्या ग्रामसभेला ठरवू द्यावं आणि हवा असेल तर त्याचं उत्पन्न गावाकडेच ठेवावं. त्याबरोबर कॅम्पर व्हॅनच्या नोंदणीची आणि फेरबदलाच्या मान्यतेची पद्धत प्रत्येक आरटीओत एकसारखी केली, तर अर्धवट कागदांच्या गाड्यांचा बाजार आपोआप आटेल. चांगल्या सांभाळलेल्या जुन्या गाडीला योग्य भाव मिळेल आणि ती घेणाऱ्याला निर्धास्तपणे राहता येईल.